पडक्या भिंतीला हात लावण्याआधी: प्राचीन अवशेषांच्या जतनाच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

प्राचीन अवशेषांच्या जतनाच्या कामात नव्याने आलेल्या माणसाला एकच घाई असते, काहीतरी करून दाखवायची. गवत उपटायचं, पडलेले दगड उचलून जागेवर ठेवायचे, भेगा बुजवायच्या आणि संध्याकाळी ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो काढायचे. यातली तळमळ खरी असते. पण शतकानुशतकं ऊन-पाऊस झेललेली भिंत अशाच तळमळीच्या एका आठवड्यात जायबंदी होऊ शकते, आणि मग ती पूर्ववत करणं कोणाच्याच हातात राहत नाही.

मी या कामात आलो तेव्हा काय आधी आणि काय नंतर, हे कोणी सलग सांगितलं नव्हतं. थोडं मिस्त्रींकडून कळलं, थोडं पुरातत्त्वज्ञांकडून. तेच इथे क्रमाने लिहितो. तुम्ही स्वयंसेवक असा, विद्यार्थी असा किंवा बांधकामातले जाणकार असा, क्रम बदलत नाही. उलट बांधकामातल्या जाणकारांनी तो जास्त काटेकोरपणे पाळावा, कारण नव्या इमारतीच्या सवयी इथे हमखास आड येतात.

१. परवानगी लेखी घ्या, आणि ती नीट वाचा

जागा कोणाच्या मालकीची आहे आणि तिला संरक्षण कोणाचं आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मालकाने होकार दिला म्हणजे काम सुरू करता येतं असं नाही. बहुतेक देशांत संरक्षित अवशेषांना विनापरवाना हात लावणं हा गुन्हा आहे, आणि ‘हात लावणं’ यात माती उकरणं आणि खापराचा तुकडा खिशात टाकणंही आलं. ‘करा हो, चांगलंच काम आहे’ ही तोंडी परवानगी काही बिनसलं की कोणालाच आठवत नाही.

कामाच्या फाइलमध्ये एवढं हवंच:
– परवानगीपत्राची प्रत, कोणतं काम मंजूर आहे आणि कोणतं नाही याच्या स्पष्ट उल्लेखासह
– हद्द आखलेला नकाशा
– आधीच्या उत्खननाचे आणि डागडुजीचे अहवाल
– मिळतील तेवढे जुने फोटो आणि रेखाटनं
– काम थांबवण्याचा अधिकार कोणाचा, त्या व्यक्तीचं नाव

तिसऱ्या मुद्द्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, आणि त्यातच सगळ्यात जास्त धडे असतात. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर, म्हणजे प्राचीन मंदिरांच्या टेकडीवर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निकोलाओस बलानोस यांनी मोठं दुरुस्तीकाम केलं. संगमरवराचे ठोकळे जोडायला त्यांनी लोखंडी पट्ट्या वापरल्या. प्राचीन ग्रीक कारागीरही लोखंडच वापरत, पण ते त्याभोवती शिसं ओतत, त्यामुळे पाणी लोखंडापर्यंत पोचत नसे. नव्या पट्ट्यांना ते आवरण नव्हतं. त्या गंजल्या, फुगल्या आणि आतून संगमरवर फोडू लागल्या. १९७५ मध्ये तिथल्या स्मारकांसाठी खास समिती नेमली गेली, आणि पुढच्या कामाचा मोठा भाग हे लोखंड शोधून काढून त्या जागी टायटॅनियम बसवण्यात गेला. आधीच्या माणसाने काय घातलंय हे माहीत नसेल, तर तुमचं निदान चुकणारच.

२. काही दिवस नुसतं बघा

सकाळच्या आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात भिंतीचा पृष्ठभाग जेवढा बोलतो, तेवढा दुपारी बोलत नाही. फुगवटे, सुटलेले पापुद्रे, जुन्या गिलाव्याच्या कडा तेव्हाच दिसतात. जमलं तर पावसात जा. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कोणत्या सांध्यातून आत शिरतं हे एका जोरदार सरीत कळतं. कोरड्या दिवसात त्याचा नुसता अंदाज बांधावा लागतो.

भेग दिसली की ती जुनी आहे की अजून हलतेय, हे पाहा. भेगेच्या कडा धुळीने माखलेल्या, आत कोळ्याचं जाळं, वरून दगडफूल आडवं वाढलेलं, तर ती बरेच दिवस शांत आहे. कडा स्वच्छ आणि धारदार असतील, खाली ताजा चुरा पडला असेल, तर लगेच वरिष्ठांना सांगा. मधल्या भेगांवर ठरलेल्या जागी रुंदी मोजा, तारीख आणि तापमान लिहा, ठरावीक काळाने पुन्हा मोजा. दगडही उन्हाने प्रसरण पावतो, थंडीने आकुंचन पावतो, त्यामुळे एका ऋतूतल्या मोजमापावर निष्कर्ष काढू नका. शक्यतो वर्षाचं चक्र पूर्ण होऊ द्या.

गिलावा असेल तर बोटाच्या पेराने अगदी हलकेच वाजवून बघा. भरीव आवाज म्हणजे तो भिंतीला धरून आहे, पोकळ आवाज म्हणजे सुटला आहे. पोकळ भाग नकाशावर आखून घ्या, भिंतीवर नव्हे.

शेवटी सगळ्या जागेची तीन गटांत विभागणी करा: पडायला आलेलं, हळूहळू झिजणारं आणि स्थिर. पहिल्याला तात्पुरता टेकू लगेच द्यायचा, दुसऱ्यासाठी योजना करायची, तिसऱ्याला हात लावायचा नाही. नवखे लोक नेमके तिसऱ्या गटावर तुटून पडतात, कारण तिथे काम सोपं आणि सुरक्षित असतं.

३. नोंद आधी, काम नंतर

साधनं साधी आहेत: चांगला कॅमेरा (मोबाइलही चालतो), सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी, उत्तर दिशा दाखवणारा बाण, रंगपट्टी, मोजमापाची टेप, ओळंबा, पाणसळ, आलेखाचा कागद, पेन्सिल. फोटोंवरून त्रिमितीय प्रतिकृती करायची असेल तर लागोपाठच्या दोन फोटोंत ६० ते ८० टक्के भाग सामाईक हवा. त्याहून कमी असेल तर संगणकाला दुवे सापडत नाहीत आणि मॉडेलला भोकं पडतात.

हाताने रेखाटन करायला मात्र विसरू नका. फोटो सगळं टिपतो, पण चित्र काढताना तुम्हाला प्रत्येक सांध्यापाशी थांबून ठरवावं लागतं की हा दगड त्यावर बसलाय की त्याच्या मागे गेलाय. भिंत दोन वेगळ्या काळांत बांधली गेली, हे कित्येकदा असं पेन्सिल चालवतानाच लक्षात येतं.

पडलेले दगड नीट रचून ठेवण्याचा मोह आवरा. एखादी भिंत भूकंपात एकाच दिशेला कोसळली असेल, तर तिचे थर जमिनीवरही ओळीने पडलेले असतात. ती रांग हाच पुरावा. दगड कुठे, कोणत्या तोंडावर पडलाय हे नकाशावर आल्याशिवाय तो हलवायचा नाही. क्रमांक द्यायचे तर सुटी चिठ्ठी किंवा खडू वापरा, ऑइलपेंट कधीही नको.

४. दुखणं बहुतेक वेळा पाण्याचं असतं

या पायरीवर मी जास्त वेळ घेणार आहे.

इंडोनेशियातल्या बोरोबुदूरची पहिली मोठी दुरुस्ती १९०७ ते १९११ मध्ये झाली. पण नैसर्गिक टेकडीवर रचलेल्या त्या स्तूपाच्या पोटात मुरणाऱ्या पाण्याचा पुरेसा बंदोबस्त झाला नाही, आणि कोरीव भिंती पुन्हा झुकू लागल्या. शेवटी युनेस्कोच्या मदतीने १९७३ ते १९८३ या काळात खालचे चौकोनी मजले उतरवून, दहा लाखांहून जास्त दगड हलवून, आत निचऱ्याची व्यवस्था करून सगळं पुन्हा रचावं लागलं. इटलीतल्या पाँपेईत नोव्हेंबर २०१० मध्ये ‘स्कोला आर्मातुरारुम’ ही वास्तू मुसळधार पावसानंतर कोसळली. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीनंतर तिची डागडुजी करताना वर काँक्रीटचं जड छत घातलं होतं.

पाणी एकटं येत नाही, सोबत क्षार आणतं. जमिनीतला ओलावा भिंतीत वर चढतो, पृष्ठभागाशी पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. बाहेर जमला तर तो पांढरा लोणा, दिसायला वाईट पण तुलनेने निरुपद्रवी. खरा घात होतो तो पृष्ठभागाच्या जरा आत, छिद्रांमध्ये स्फटिक वाढतात तेव्हा. तिथे ते दगड किंवा वीट आतून ढकलतात आणि वरचा थर पिठासारखा गळून पडतो. मोहेंजोदडोच्या विटांना हेच दुखणं आहे. तिथे भूजलाची पातळी खाली आणण्याचे प्रयत्न झाले, आणि भिंतींवर मातीचा लेप दिला गेला. लेपामागचा विचार असा, की क्षार विटेऐवजी लेपात येऊन जमावेत. लेप झडला की नवा लावता येतो.

तुम्ही काय करायचं? पाणी भिंतीपासून दूर वाहील असा उतार आहे का ते बघा. तुंबलेल्या जुन्या पन्हळी आणि मोऱ्या मोकळ्या करा. प्राचीन बांधकामात निचऱ्याची सोय बरेचदा मुळातच असते, फक्त ती गाळाने भरलेली असते. भिंतीच्या पायाशी साठलेला अलीकडचा कचरा काढा. पण नवा चर स्वतःच्या मनाने खणू नका. पायालगतच्या मातीच्या थरांतच वास्तूचा काळ सांगणारा पुरावा असतो आणि चर तो आडवा कापून टाकतो. तिथे पुरातत्त्वज्ञ हजर हवाच.

भिंतीचा उघडा माथा हे पाणी शिरण्याचं मोठं दार. पूर्वी तिथे सिमेंटचा जाड थर थापत. त्याला भेग पडली की पाणी आत जातं आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. आता काही ठिकाणी, इंग्लंडमध्ये विशेषतः, माथ्यावर मातीचा थर देऊन गवत वाढवतात. गवत पाणी धरून ठेवतं, तापमानाचे धक्केही सौम्य करतं. दिसायला दुर्लक्षित वाटतं, पाहुणे तक्रार करतात, पण अनेक भिंतींना ते मानवतं.

५. झाडझाडोरा: उपटायचा नाही

भिंतीत रुजलेलं झाड ओढून काढलं तर मुळांबरोबर गाभ्यातले दगडही येतात. मोठी मुळं कित्येकदा त्या भिंतीचा आधारच झालेली असतात. बुंधा टप्प्याटप्प्याने कापा, मूळ आतच मरू द्या आणि ते कुजून झालेली पोकळी नंतर चुन्याच्या पातळ मिश्रणाने हळूहळू भरा. तणनाशक वापरायचं की नाही हे जाणकाराने ठरवायचं. शेवाळ आणि दगडफूल दिसलं की तारेचा ब्रश उचलणाऱ्यांना मात्र लगेच थांबवा. तारेचा ब्रश, आम्ल आणि दाबाने पाणी मारणारं यंत्र ही तीन साधनं कामाच्या जागी आणूच नयेत.

६. चुना शिका

सिमेंट का नको, हे एकदा डोळ्यांनी बघून घ्या. मऊ दगडाच्या ज्या भिंतीत सिमेंटने दर्जा (दगडांमधले सांधे) भरल्या आहेत, तिथे जवळ जाऊन उभे राहा. सांधे जसेच्या तसे ताठ, आणि मधले दगड आत आत झिजत गेलेले. भिंत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसते. दगडाच्या कडेला बोट फिरवलं तर भुकटी हाताला लागते. सिमेंट दगडापेक्षा कठीण आणि कमी सच्छिद्र. ओलावा सांध्यातून बाहेर पडू शकत नाही म्हणून दगडातून पडतो, आणि क्षारही तिथेच जमतात. सांधा हा झिजण्यासाठीच असतो. तो गेला तर पुन्हा भरता येतो, दगड पुन्हा आणता येत नाही. पोर्टलँड सिमेंटचं पहिलं पेटंट १८२४ चं, म्हणजे प्राचीन भिंतींच्या हिशेबात अगदी कालचं.

चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवला की उकळी फुटते, म्हणून क्रम लक्षात ठेवा: पाण्यात चुना घालायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. गॉगल आणि रबरी हातमोजे सक्तीचे. डोळ्यात कण गेला तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा आणि तडक डॉक्टर गाठा. विरवलेला चुना पाण्याखाली मुरत ठेवला तर जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो.

प्रमाण सुरुवातीला एक भाग चुना, तीन भाग वाळू असं धरतात, पण तो नियम नव्हे. वाळू धुतलेली, टोकदार, लहानमोठ्या कणांची हवी. समुद्राची नको, तिच्यात क्षार असतात. ओलसर जागी नुसता चुना नीट पकडत नाही, तिथे सुरखी म्हणजे भाजक्या विटांची पूड मिसळतात. मूळ मिश्रण काय होतं हे कळण्यासाठी जुन्या चुन्याचा सुटलेला छोटा तुकडा प्रयोगशाळेत देतात. सौम्य आम्लात चुना विरघळतो, वाळू तळाशी उरते, आणि तिचा रंग आणि आकार पाहून जुळणारी वाळू शोधता येते. शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा चुरा असेल तर तोही विरघळतो, तेव्हा तेवढ्या एका चाचणीवर भिस्त ठेवू नका.

दर्ज भरताना: सुटलेलं तेवढंच काढा, घट्ट असलेलं खरवडू नका. सांधा साफ करून ओला करा. चुना थराथराने, दाबून भरा. दगडाच्या तोंडावर पसरवू नका. जरा घट्ट झाला की लाकडी पट्टीने पुन्हा दाबा, म्हणजे आकुंचनाच्या बारीक भेगा मिटतात. मग ओलं गोणपाट लावून उन्हापासून, वाऱ्यापासून आणि पावसापासून जपा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्याला ओलावा लागतो. वाळला म्हणजे झाला, असं नाही. वरचा थर काही आठवड्यांत, आतला काही महिन्यांत. कडाक्याच्या थंडीत हे काम काढूच नका.

मातीच्या भिंतीला चुनाही नको. तिला तिच्याच जातीची माती द्या. मातीवर राळ फवारून कडक साल तयार केली की ती साल एक दिवस स्वतःसकट मागची माती घेऊन पडते.

राळेवरून आणखी एक. अजिंठ्याच्या चित्रांवर १९२० च्या सुमारास इटालियन तज्ज्ञांनी, त्या काळच्या चांगल्यातल्या चांगल्या समजुतीने, लाखेचा थर दिला. तो पिवळा-तपकिरी पडला, धूळ धरू लागला आणि नंतरच्या पिढ्यांना तो जपून उतरवत बसावं लागलं. तूतांखामेनच्या सोन्याच्या मुखवट्याची दाढी २०१४ मध्ये निखळली तेव्हा ती इपॉक्सीने चिकटवली होती, आणि तो गोंद काढायला २०१५ मध्ये वेगळी मोहीम लागली. म्हणून कोणताही लेप किंवा गोंद हातात घेण्याआधी विचारा: हा परत काढता येतो का, आणि कशाने?

७. पडलेलं पुन्हा उभं करायचं का?

बहुतेक वेळा, नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेत (स्मारकांच्या जतनाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यात) दोन गोष्टी नेमक्या सांगितल्या आहेत: अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे, आणि उत्खननातल्या अवशेषांबाबत जे मूळ तुकडे उपलब्ध आहेत तेवढेच पुन्हा जोडावेत. नवा तुकडा घालावाच लागला तर तो एकूण रूपाशी जुळावा, पण जवळून पाहिल्यावर नवा म्हणून ओळखू यावा. कंबोडियातल्या बांतेय स्रेई मंदिरावर आँरी मार्शाल यांनी १९३० च्या दशकात मूळ दगड शोधून, जुळवून, पुन्हा रचण्याचं काम केलं, ते या पद्धतीचं अभ्यासण्यासारखं उदाहरण आहे. याउलट ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या क्नोसॉसला, प्राचीन मिनोअन संस्कृतीच्या राजवाड्यात, आर्थर इव्हान्स यांनी प्रबलित काँक्रीटने जे उभं केलं, त्यातलं मिनोअन किती आणि इव्हान्स यांचं किती, हा वाद अजून मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर अशा जागी रेखाचित्राचा एक चांगला फलक पुरतो.

८. काम करताना वस्तू सापडली तर

हात थांबवा, जागा झाका, पुरातत्त्वज्ञाला बोलवा. धुवू नका, पुसू नका. पाण्यात किंवा चिखलात सापडलेलं लाकूड ओलंच ठेवा. स्वीडनचं बुडालेलं ‘वासा’ जहाज १९६१ मध्ये पाण्यातून वर काढल्यावर त्याच्यावर १७ वर्षं पॉलिएथिलीन ग्लायकॉल (लाकडातल्या पाण्याची जागा घेणारं मेणासारखं रसायन) फवारावं लागलं; नुसतं वाळू दिलं असतं तर लाकूड आक्रसून फाटलं असतं. चीनमधल्या शीआनच्या मातीच्या सैनिकांवरचा रंग कोरडी हवा लागताच काही मिनिटांत सुटून गळू लागतो.

९. परत पुरणं हाही उपाय आहे

नवख्यांना हे पटायला जड जातं. इतकं कष्टाने उघडं केलं, आणि आता झाकायचं? पण निधी नाही, छप्पर नाही, देखरेखीला माणूस नाही, अशा जागेसाठी याहून स्वस्त आणि सुरक्षित काही नाही. फक्त ते नीट करायला हवं. टांझानियात लेटोली इथले सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीचे पायाचे ठसे १९७९ मध्ये वाळू आणि दगडांखाली झाकले होते. त्या भरावातून बाभळीचं बी गेलं, झाडं उगवली आणि मुळं ठशांपर्यंत पोचू लागली. १९९० च्या दशकात ते पुन्हा उघडून, मुळं काढून, भू-वस्त्राचे (जमिनीत घालायच्या कापडाचे) आणि मुळं रोखणारे थर देऊन नव्याने झाकावे लागले. म्हणून भरावाची माती किंवा वाळू बी-विरहित आणि क्षारविरहित हवी, मूळ पृष्ठभाग आणि भराव यांमध्ये पाणी झिरपू देणारं कापड हवं (प्लास्टिक नको, त्याखाली घाम धरतो), वर पाणी वाहून जाईल असा उंचवटा हवा, आणि कधी, काय, किती जाडीचं घातलं याची नोंद हवी.

१०. निघण्यापूर्वी देखरेखीचं वेळापत्रक लावा

ठरावीक बिंदूंवर, ठरावीक उंचीवरून फोटो काढायच्या जागा नक्की करा आणि त्या नकाशावर टाका. पाहणी कमीत कमी तीनदा: पावसाळ्यापूर्वी, पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि पावसाळा संपल्यावर. पहिल्या फेरीत पन्हळी साफ करायच्या, दुसऱ्या फेरीत पाणी कुठे साचलंय ते बघायचं, तिसऱ्या फेरीत भेगा मोजायच्या आणि नव्याने रुजलेली रोपं बोटभर असतानाच काढायची. पाहुण्यांची वाट कुठून जाते तेही दर वेळी पाहा. फ्रान्समधली लास्कोची प्रागैतिहासिक चित्रांची गुहा १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली आणि श्वासांतला ओलावा, कार्बन डायऑक्साइड, शैवाल यांमुळे १९६३ मध्ये बंद करावी लागली.

केलेल्या कामाचा अहवाल दोन-तीन ठिकाणी ठेवा, एक प्रत कागदावर. त्यात चुन्याचं प्रमाण, वाळू कुठली, कोणत्या सांध्यांत भरली, कोणत्या दिवशी आणि हवा कशी होती, हे लिहा. जे मुद्दाम केलं नाही तेही कारणासह लिहा, नाहीतर पुढची तुकडी तेच अर्धवट राहिलेलं काम समजून पूर्ण करून टाकेल.